डॉगलेगचा कवडीचुंबक

जेबेझ टॉलीने जन्मात एकच हट्ट धरला, आणि तोही त्याचा स्वतःचा नव्हता, डॉर्कस विनीचा होता. लग्न करीन तर चर्चमध्ये, असं ती म्हणाली. खऱ्या चर्चमध्ये, ज्याला भिंती आहेत, छप्पर आहे आणि बिशपने स्वतः येऊन जे पवित्र केलंय.

बाईचं चुकलं असं कुणी म्हणू नये. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न मेंढ्यांची लोकर कातरायच्या गोठ्यात लागलं होतं. लावणारा फिरता पाद्री तिसऱ्या दिवशी पळालेला न्हावी निघाला, आणि नवरदेवाची घोडी घेऊन पसार झाला. बहिणीला आपलं लग्न झालंय की नाही हे कळेपर्यंत दोन पोरं झाली. तेव्हापासून डॉर्कसचं ठरलेलं, आधी चर्च मग नवरा. आमच्या डॉगलेगमध्ये तेव्हा चर्च नव्हतं. होतं ते नव्वद मैलांवर, तेही वाटेत नदीला पूर नसेल तर.

"होईल की इथंच," जेबेझ म्हणाला. "नाताळपर्यंत होईल."

तेव्हा तो एकतीसचा होता आणि ती सत्तावीसची. तो लाकडी कौलं फाडायचा. ओंडका उभा करायचा, पाचर ठेवायची, मोगरी हाणायची, की पातळ फळी सुटून यायची. हात सोन्याचे, बोलणं कमी. रविवारी पाद्री व्हिटलोंच्या ओसरीवर प्रार्थना व्हायची, तिथं तो डॉर्कसच्या मागं बसायचा, पुस्तक उघडून. तिने पान उलटलं की हाही उलटायचा. ती खाडीपलीकडच्या खोपट्यात राहायची, गावाचे कपडे धुवायची, याचे शर्ट सोमवारी. लग्नाआधी तिने त्याच्या खोपट्यात पाऊल टाकलं नाही. दाराबाहेर गाठोडं ठेवून जायची.

चर्चची सुरुवात झोकात झाली. जमीन सरकारने फुकट दिली. सरकारला ती कुणी दिली, हे विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. वर सरकारचा कायदा असा, की तुम्ही तीनशे पौंड जमवा, आम्ही तीनशे घालू. पहिल्या सभेत लोकांनी टोप्या उडवल्या. जेबेझने दुसऱ्याच दिवशी लव्हरिजच्या दुकानातून पाच वार पांढरी मलमल आणली, काठाला बारीक निळी फुलं असलेली, आणि खाडीपलीकडं देऊन आला. डॉर्कसने ती घडी करून पेटीत ठेवली. नाताळ पाच महिन्यांवर होता.

आता आमच्या गावात पैसेवाले दोनच, दोघेही मेंढरांचे मालक. मेजर बॅस्टेबल आणि मिस्टर किलगूर. एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, पण मेंढ्या मात्र एकाच कुंपणाच्या दोन बाजूंनी चरायच्या. मेजरने रोख साठ पौंड टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "मनोरा पाहिजे. मनोऱ्याशिवाय चर्च म्हणजे धान्याचं कोठार."

किलगूर उठला. "माझेही साठ. पण ज्या चर्चला मनोरा असेल त्याला माझा पेनी मिळायचा नाही. मनोरा म्हणजे गर्व."

"गर्व नसलेला माणूस कोठारात जातो," मेजर म्हणाला.

"आणि असलेला नरकात!"

एकाचे घ्यावे तर दुसऱ्याचे जातात. कमिटी आठ महिने बसली. नाताळ आला नि गेला. शेवटी खजिनदार लव्हरिज याच्या डोक्यातून तोडगा निघाला. लव्हरिज म्हणजे आमचा दुकानदार. इतका प्रामाणिक, की तागडीत माशी बसली तर तिचं वजन वजा करायचा. त्याने सुचवलं, की मनोरा बांधायचा, पण चर्चपासून चाळीस पावलं लांब. म्हणजे मेजरला मनोरा मिळाला, आणि किलगूरच्या चर्चला मनोरा नाही. दोघांनी मान हलवली. आमच्यापैकी एकालाही हसू आलं नाही, आणि हेच आमचं वैशिष्ट्य.

मेजरचे पैसे रोख आले होते, म्हणून मनोरा आधी झाला. दोन वर्षांनी सरकारी तपासनीस घोड्यावरून आला, तर माळावर एक उंच मनोरा, त्यात घंटा, आणि शेजारी किलगूरची मेंढरं.

"चर्च कुठंय?" त्याने विचारलं.

"येतंय," पाद्री व्हिटलो म्हणाले.

तपासनिसाने वहीत लिहून घेतलं, की कायद्यात पैसे चर्चला आहेत, मनोऱ्याला नाहीत. झालं, इथंच घोडं पेंड खाऊ लागलं. सिडनीला पत्रं जायची, सिडनीहून पत्रं यायची, त्यात आणखी दोन वर्षं गेली, तेव्हा कुठं सरकारचे पैसे सुटले. जेबेझ दर रविवारी डॉर्कसला म्हणायचा, "या नाताळला नक्की." ती म्हणायची, "बरं." बाईला धीर होता, आणि त्याच्यावर भरवसाही.

भिंती उभ्या राहिल्या तेव्हा पहिल्या बाकाचं भांडण लागलं. पहिलं बाक कुणाचं? वर्षाचे दहा पौंड भाडं द्यायला दोघेही तयार, पण दुसऱ्याच्या मागं बसायला एकही नाही. मग कमिटीने प्रवचनाचा कट्टा चर्चच्या बरोबर मध्यात बांधला, म्हणजे दोन्हीकडं पहिलं बाक झालं. पाद्री व्हिटलोंना अर्धं प्रवचन इकडं तोंड करून आणि अर्धं तिकडं करावं लागे. बायबलमधल्या दहा आज्ञाही त्यांनी न्यायाने वाटल्या, पाच मेजरच्या बाजूला, पाच किलगूरच्या. तीन रविवार बरे गेले. चौथ्या रविवारी किलगूर मध्येच उभा राहिला.

"पाद्रीसाहेब, एक विचारू? आईबापांचा मान राखा, रविवार पाळा, हे सगळं तिकडं. आणि खून करू नका, व्यभिचार करू नका, चोरी करू नका, हे आमच्याच बाजूला का हो?"

"क्रमच तसा आहे, मिस्टर किलगूर. देवाकडून त्या मोशेने आणल्या, त्याला विचारा."

"ज्याला त्याला ज्याचं त्याचं," मेजर पलीकडून म्हणाला, छताकडं बघत.

छताकडं म्हणजे आभाळाकडं, कारण छप्पर अजून नव्हतं. किलगूरने दहा पौंड अडवले, ते सुटायला पाद्र्याला पुढं वर्षभर आज्ञा उलट्या क्रमाने वाचाव्या लागल्या.

छपराची वेळ आली तेव्हा तिजोरीत उंदीर खेळत होते. लग्न ठरून आठ वर्षं झाली होती. जेबेझने कुणाला विचारलं नाही. जंगलात गेला, ओंडके पाडले, बारा हजार कौलं फाडली आणि एकट्याने चढवली. हातांची सालं निघाली. शेवटचं कौल ठोकून खाली उतरला तर लव्हरिज वही घेऊन उभा.

"किती झाले, मिस्टर टॉली?"

"काही नाही. माझ्याकडून चर्चला."

"असं कसं काही नाही? बारा हजार कौलांचे बाजारभावाने अकरा पौंड चार शिलिंग होतात."

"मग ते दान धरा. मला काही नको."

"तुमचं मन मोठं आहे," लव्हरिज म्हणाला. आणि चार दिवसांनी त्याने एक कागद पाठवला. जाड, पिवळसर, सुरेख वळणदार अक्षर, खाली चर्चची लाल मोहोर. जेबेझचा ऊर भरून आला. चर्चने आपले आभार मानले! आमच्या खोपट्यांच्या भिंतींत वारा शिरतो म्हणून सगळेच जुनी वर्तमानपत्रं खळीने चिकटवतात. जेबेझच्याही भिंती बातम्यांनी भरल्या होत्या. हा कागद मात्र त्याने बिछान्याच्या अगदी समोर चिकटवला, नीट, एकही सुरकुती न पाडता.

आणि बिशपचं पत्र आलं. छप्पर झालं हे वाचून आनंद झाला, पण नियम असा आहे की ज्या चर्चवर एक पेनीचंही देणं आहे ते पवित्र करता येत नाही. देव कर्जाच्या घरात राहात नाही. सगळी देणी फेडा, मग कळवा.

दर ईस्टरनंतरच्या मंगळवारी चर्चची वार्षिक सभा व्हायची. त्या वर्षी लव्हरिजने हिशोब वाचला. विटांचे फिटले, चुन्याचे फिटले, घंटेच्या गाडीभाड्याचे फिटले. "बाकी देणं एकच. अकरा पौंड, चार शिलिंग."

"कुणाचं?" चारी बाजूंनी आवाज आला.

लव्हरिजने वही मिटली. "घेणेकऱ्याचं नाव भर सभेत घेणं सभ्यपणाचं नाही."

जेबेझला छपराची किंमत चांगली पाठ होती असं तुम्हाला वाटत असेल. छे. दान केलेल्या वस्तूची किंमत लक्षात ठेवणं त्याला पाप वाटायचं, आणि लव्हरिजने चर्चपाशी आकडा सांगितला तेव्हा तो आपल्या सोललेल्या हातांकडं बघत होता. तो उभा राहिला. कधी सभेत न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"कोण आहे तो कवडीचुंबक?" तो गरजला. "देवाच्या घराचं काम केलं नि अकरा पौंडांसाठी देवाला दाराबाहेर उभं केलं! लाज कशी वाटत नाही मेल्याला? त्याच्या पायी माणसांची लग्नं अडलीत, लग्नं!"

टाळ्या पडल्या. डॉर्कस दाराशी चहाची किटली घेऊन उभी होती. तिने त्याच्याकडं एकदा बघितलं आणि कप भरायला लागली.

अकरा पौंड म्हणजे काय मोठी रक्कम? सगळ्यांनी मिळून दिली असती. पण मेजरची खात्री, की घेणेकरी किलगूरचा माणूस, आणि किलगूरची खात्री, की मेजरचा. "माझा शिलिंग त्याच्या खिशात? मेलो तरी नाही!" दोघेही म्हणाले, आणि तेवढ्यावर मात्र त्यांचं एकमत झालं. दर वर्षी सभा भरायची, दर वर्षी तोच आकडा, आणि दर वर्षी जेबेझ उठून त्या अज्ञात माणसाचे वाभाडे काढायचा. दुसऱ्या वर्षी त्याला जळू म्हणाला. तिसऱ्या वर्षी ख्रिस्ताला विकणारा ज्यूडास. चौथ्या वर्षापासून लोक जेबेझचं भाषण ऐकायलाच लांबून यायला लागले, येताना मटणाचे सँडविच घेऊन.

तिसऱ्या वर्षी आणखी एक झालं. डॉर्कसने पेटीतली मलमल काढली आणि चर्चच्या वेदीवर अंथरायला देऊन टाकली. निळ्या फुलांचा काठ पुढं लोंबताना जेबेझने बघितला.

"वा!" तो तिला म्हणाला. "किती मोठं मन गं तुझं! आधी देवाला, मग आपल्याला. मी दुसरी आणीन."

"आण हं," ती म्हणाली. पुढच्या सोमवारी शर्ट धुऊन दाराबाहेर ठेवलेले होते, नेहमीसारखे.

सहाव्या वर्षी जेबेझची सहनशक्ती संपली. जोडीतला चांगला बैल ब्लॉसम त्याने विकला, मोठी करवत विकली, आणि रुमालात अकरा सोन्याचे पौंड नि चार शिलिंग बांधून भर दुपारी लव्हरिजच्या दुकानात शिरला.

"हे घ्या," त्याने रुमाल टेबलावर आपटला. "मी फेडतो. त्या हरामखोराचं नाव मला सांगू नका. तोंड बघायचं नाही मला त्याचं. नुसते हे पैसे त्याच्या नाकावर मारा."

लव्हरिजने एकेक नाणं मोजलं. चर्चनिधीला मिळाल्याची पावती लिहिली, शाई वाळवली, पावती दिली. मग वहीचं दुसरं पान उघडून त्यात काहीतरी खोडलं, आणि तोच ढीग, तोच रुमाल, जेबेझकडं सरकवला.

"मोजून घ्या."

"काय मोजून घ्या?"

"तुमचे पैसे."

"अहो, माझे कसे? आत्ताच तर दिले!"

"दिलेत, चर्चला पोचले. चर्चचं देणं होतं, ते चर्चने दिलं. इथं सही करा."

"कुणाचं देणं?"

"तुमचं," लव्हरिज म्हणाला. "कौलांचं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. जेबेझ पिठाच्या पोत्यावर बसला.

"पण मी दान दिलं होतं!"

"तोंडी. तोंडी दान वहीत चढत नाही. म्हणून तर मी दानपत्र पाठवलं, सही करून परत द्या म्हणून. ते तुम्ही परत पाठवलं नाहीत."

"मग विचारायचं नाही का हो? सहा वर्षं!"

लव्हरिज दुखावला. "दान मागून घेतलं तर ते दान कसलं? ती वसुली झाली, मिस्टर टॉली. मी तशातला नाही."

"आणि मी दर सभेत शिव्या घालत होतो, तेव्हा काय वाटलं तुम्हाला?"

"फार आदर वाटला. म्हटलं, भर सभेत स्वतःला इतकं टोचून बोलणारा माणूस मी पाहिला नाही. सही करता ना?"

जेबेझने लेखणी घेतली आणि फुली मारली. लव्हरिजने त्या फुलीकडं बघितलं, मग जेबेझकडं. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्या माणसाने शाई न वाळवता वही मिटली.

जेबेझ खाडीकडं पळत सुटला. राग होता, पण रागापेक्षा आनंद मोठा. देणं फिटलं होतं! बिशप येणार होता! डॉर्कस दगडावर मेजरची चादर आपटत होती. त्याने धापा टाकत सगळं सांगितलं. बैल, रुमाल, पावती, आणि तो कवडीचुंबक दुसरातिसरा कुणी नाही, मीच!

तिने चादर पिळली. "माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मी शनिवारी लव्हरिजचं दुकान झाडते. वही उघडी असते. 'जेबेझ टॉली, अकरा पौंड चार शिलिंग. दानपत्र सहीसाठी दिलं, परत आलं नाही.' तीन वर्षं झाली वाचून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"काय बोलू? कागद तुझ्याकडं, सही तुझी. एक रेघ ओढायची होती, ती तुला ओढायची नव्हती. मी समजायचं ते समजले. याला लग्न नकोय." ती त्याच्याकडं बघत नव्हती. "आणि वर दर सभेत उभा राहून केवढा कांगावा! मी किटली धरून मनात म्हणायचे, काय सोंग करतो मेला! नको तर नको म्हण ना. मी काय गळ्यात पडणार होते?"

जेबेझ म्हणाला, "मग शर्ट कशाला धूत राहिलीस?"

"मळत होते म्हणून."

तो तिथंच उभा राहिला. चादरीचं पाणी त्याच्या बुटांवरून वाहात होतं. मग म्हणाला, "चल. माझ्या घरी चल."

"तुझ्या घरी मी येत नाही, ठाऊक आहे तुला."

"डॉर्कस, चल गं. पाया पडतो."

ती आली. चौदा वर्षांत पहिल्यांदा तिने तो उंबरा ओलांडला. त्याने बिछान्यासमोरची भिंत दाखवली. एका बाजूला बूटपॉलिशची जाहिरात, दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या शर्यतीचे निकाल, आणि मध्ये लाल मोहोर असलेला तो कागद, सहा वर्षांच्या धुराने तपकिरी झालेला.

"हे काय आहे, वाच," तो म्हणाला.

"तूच वाच की."

"मला येत नाही."

"काय येत नाही?"

"वाचता. कधीच येत नव्हतं. तू पान उलटलंस की मी उलटायचो." त्याचं तोंड कानापर्यंत लाल झालं होतं. "मला वाटलं, चर्चने आभार मानलेत. रोज निजताना मी त्याच्याकडं बघायचो. म्हणायचो, बघ जेबेझ, तुझं नाव लिहिलंय त्यात कुठंतरी."

डॉर्कसने कागद वाचला. मोठ्याने, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, जिथं लिहिलं होतं की कृपया सही अथवा फुली करून परत पाठवावे. मग ती त्याच्या बिछान्यावर बसली आणि रडली. काही वेळाने हसायलाही लागली, पण रडणं थांबलं नव्हतं.

"मूर्ख," ती म्हणाली. "अरे मूर्खा, विचारायचंस ना!"

"तू पण विचारायचंस."

"हो," ती म्हणाली. "मी पण."

बिशप तीन महिन्यांनी आला. लांबच्या मनोऱ्यात मेजरची घंटा वाजली, आणि किलगूरने कानांवर हात ठेवून ती ऐकली नाही. चर्च पवित्र झालं आणि पहिलं लग्न लागलं. नवरदेव पंचेचाळिसाचा, नवरी एक्केचाळिसाची, अंगात तपकिरी रोजचा झगा. पाद्री व्हिटलोंनी नवऱ्याचा प्रश्न मेजरच्या बाजूला तोंड करून विचारला आणि नवरीचा किलगूरच्या.

गुडघे टेकताना जेबेझची नजर वेदीवर गेली. निळ्या फुलांचा काठ त्याच्या डोळ्यांसमोर लोंबत होता. पाच वार मलमल. तिसरं वर्ष. किती मोठं मन गं तुझं, असं तो तिला म्हणाला होता. तेव्हा त्याला कळलं, की त्या दिवशी तिने देवाला काही दिलं नव्हतं, तिने लग्नाची आशा सोडली होती. त्याने तिचा हात इतका घट्ट धरला की तिला दुखलं असावं. तिने सोडवून घेतला नाही.

मग वही आली. लग्नाची, जाडजूड, कोरी.

"इथं फुली मारा, मिस्टर टॉली," लव्हरिज हळूच म्हणाला. तो साक्षीदार होता. "फुली चालते."

"नको," जेबेझ म्हणाला.

तीन महिने रोज संध्याकाळी डॉर्कसने त्याला पाटीवर गिरवायला लावलं होतं. मोगरी धरतात तशी त्याने लेखणी धरली आणि पहिलं अक्षर काढलं. मग दुसरं. बाहेर मेजर आणि किलगूर बिशपच्या गाडीत आधी कुणी बसायचं यावरून भांडत होते, आणि बिशपचा चहा निवत चालला होता. जेबेझ तिसऱ्या अक्षराशी अडला, थांबला, त्याने कपाळाचा घाम पुसला. डॉर्कस त्याच्या शेजारी उभी होती. ती त्याला काही सांगायला गेली नाही, आणि तिने घाईही केली नाही.